मोरजाईच्या माळावर काहीही घडले नाही

दिनांक चोवीस सप्टेंबर एकोणीसशे चव्वेचाळीस, वार रविवार, सकाळी साडेनऊच्या सुमारास मी दोन सरकारांना एका माळावर पोटावर पालथं झोपवलं. एक इंग्रजांचं आणि एक संस्थानचं. दोन्ही सरकारं पट्ट्यासकट झोपली आणि बराच वेळ उठली नाहीत.

वरचा मजकूर रद्द समजावा. असं काही घडलेलं नाही. घडलं नाही असा जबाब मी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात, दोन प्रतींत लिहून दिला आहे आणि त्याखाली माझी सही आहे. मी पेशानं नक्कल कारकून. दुसऱ्यानं लिहिलेलं खरं धरून उतरवून काढायचं हे माझं काम. मग स्वतः लिहिलेलं खोटं कसं धरू? तेव्हा जे घडलं नाही ते कसकसं घडत गेलं नाही, एवढंच इथं सांगतो.

सुरुवात डोळ्यांपासून झाली. साताऱ्याच्या एका कचेरीत मी उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे ज्याचं काम कायम असतं आणि नोकरी नसते. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जुन्या दप्तरांच्या नकला उतरवायच्या. दोन वर्षं हे केल्यावर अक्षरांना मिशा फुटायला लागल्या. मग एक ओळ उठून दुसरीच्या मांडीवर बसायला लागली. सत्तावीस सप्टेंबरला सरकारी डॉक्टरांपुढे नजरेची तपासणी होती. पास झालो तर कायम, नापास झालो तर घरी.

घरी म्हणजे कृष्णाकाठी, उसात. आमच्या भावकीतले पाचजण पलटणीत होते. कचेरीत गेलेला मी एकटाच. 'आमच्या जोतीरामचं टेबल हाय' असं आईनं गावभर सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे ते टेबल नव्हतं, दप्तर ठेवायची पेटी उलटी केली होती. पण ते मी घरी कळवलं नव्हतं. डोळ्यांचं मात्र कळवलं. आबांचं उलटटपाली पत्र आलं. 'डोळं गेलं तर लगोलग निघून ये. उसाला पाणी पाजायला डोळं लागत न्हाईत. पाय भिजला की कळतंय.' वडिलांचा आधार असावा तो असा. त्या दिवशीच मी ठरवलं, की काही झालं तरी सत्तावीस तारखेला पास व्हायचं.

मी सांगलीला डॉक्टर इलियास यांच्याकडे गेलो. हे पूर्वी फौजेत होते. त्यांनी माझे डोळे उलटे केले, सुलटे केले, बॅटरी मारली आणि विचारलं, "साबळे, शेवटचं लांबचं कधी बघितलंत?"

"लांबचं म्हणजे काय?"

"काहीही. लांब असलं म्हणजे झालं."

मी आठवलं. आमच्या खोलीतली सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे आमचे साहेब, आवलकारकून. ते अकरा फुटांवर बसतात.

"डोळे चांगले आहेत तुमचे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही त्यांना कोंडून घातलंय. चार रविवार उघड्या माळावर जा. दोन-दोन तास बसा. हातात काही घ्यायचं नाही, काही करायचं नाही. लहान असताना रानात काय बघत होता?"

"काही नाही. नुसताच बघत होतो."

"तेच औषध. लहान पोर बघतंय तसं बघायचं." माझा चेहरा बघून ते चिडले. "हसताय काय? कडू मिक्श्चर दिलं असतं तर नाक दाबून प्यायला असता!"

त्यांचं खरं होतं. मी घरी आलो आणि नाक दाबून बघायचा निश्चय केला.

पहिला रविवार, तीन सप्टेंबर. किल्ल्याच्या उतारावर जरा सपाट जागा बघून बसलो आणि लांब बघायला सुरुवात केली. दोन मिनिटांत एक गृहस्थ थांबले. "काय हरवलं?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. तेही शोधायला लागले. मग आणखी तिघे आले. काय शोधायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, तरी एकाला सापडलं. ते घोड्याच्या नालेचं अर्धुक होतं. 'हेच का?' म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि मी आभार मानले, कारण त्याशिवाय ते जाईनात.

एवढ्यात आमच्या शेजारचे पेन्शनर सुभेदार नाथाजी फिरत फिरत तिथं पोचले. गेल्या लढाईत ते मेसोपोटेमियात होते आणि मनानं अजून तिथंच असतात. माझा उपचार ऐकून त्यांना भरून आलं.

"बघायचंय न्हवं? मग शिस्तीत बघ गड्या. सीधा बैठो! समोर काय?"

"टेकडी."

"टेकडीच्या डाव्या अंगाला?"

"झाड."

"झाडाच्या बुडाला?"

"सावली."

"गलत!" सुभेदार गरजले. "तुर्क! सावलीत काय न्हाई असं वाटतंय, तिथंच त्यो असतोय. फिरून बघ!"

दोन तासांत आम्ही सत्तावीस तुर्क टिपले. घरी आलो तेव्हा माझे डोळे लालभडक झाले होते आणि नसलेली बंदूक टेकवून टेकवून उजवा खांदा दुखत होता.

दुसऱ्या रविवारी सुभेदार उठायच्या आत निघायचं म्हणून मी पहाटेच उठलो. पण घरमालकीण शालूबाई दारात उभ्या होत्या. सगळ्या आळीला माझ्या औषधाची बातमी लागली होती.

"बसूनच ऱ्हाणार हायस न्हवं दोन तास?" त्यांनी माझ्यापुढे गोणपाटाची पिशवी ठेवली. "मग एवढ्या शेंगा फोड."

"शालूबाई, डॉक्टरांनी काही करायचं नाही म्हणून सांगितलंय."

"आरं, मग डोळ्यानं बघ की लांब! हातानं कुठं बघायचंय तुला?"

ह्या युक्तिवादात मला आजतागायत फट सापडलेली नाही. मी पिशवी उचलली. कोपऱ्यावर रंगूबाईंनी निवडायचे तांदूळ दिले. त्यांच्या जावेनं सुताचा गुंता दिला. किल्ल्याच्या उतारावर त्या दिवशी दोन तास मी तांदळातले खडे बघितले. अंतर, नाकापासून आठ इंच.

आमच्या भागात माणूस आजारी पडू शकतो, फरारी होऊ शकतो, साधूसुद्धा होऊ शकतो. पण धडधाकट माणूस नुसता बसला तर आजूबाजूच्या चार घरांना ते बघवत नाही. मी ठरवलं, की ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही इतक्या लांब जायचं. सायकलनं तेरा मैलांवर मोरजाईची वाडी म्हणून एक गाव आहे. त्याच्या डोक्यावरचा माळ कधीतरी एका नकाशाची नक्कल करताना मी कागदावर बघितला होता. नकाशात त्या माळावर काहीच नव्हतं. म्हणून तो मला आवडला होता.

पण उमेदवारानं रविवारीसुद्धा मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. मी आवलकारकुनांपुढे अर्ज ठेवला.

"कारण?"

"माळावर बसणे."

"कशासाठी?"

"बघण्यासाठी."

"काय बघण्यासाठी?"

"ते गेल्यावर कळेल, साहेब."

आवलकारकुनांनी टाक खाली ठेवला. "साबळे, कारणाच्या रकान्यात लग्न, मयत, आजार आणि श्राद्ध एवढंच बसतं. यातलं बोला."

"आजार."

"आजारी माणसानं मुख्यालय कशाला सोडायचं? घरी पडून राहा."

"मग श्राद्ध."

"कुणाचं?"

देवाच्या दयेनं माझ्या घरचे सगळे वडीलधारे ठणठणीत होते. पणजीसुद्धा. साहेब मनानं वाईट नाहीत. त्यांनी भिंतीवरचं पंचांग उलगडलं आणि म्हणाले, "सतराला सर्वपित्री अमावास्या आहे. त्या दिवशी कुणाचं ते लिहावं लागत नाही. सगळ्यांचंच असतं." आणि सही केली.

सर्वपित्री अमावास्या म्हणजे काय, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं असतं तर पुढचा अनर्थ टळला असता.

सतरा तारखेला दहाच्या सुमारास मी माळावर पोचलो. हातभर गवत, मधोमध एकच कडुलिंब आणि त्याच्या बुडाशी एक उभा दगड. दगडाला टेकून बसलो. एका ढगाची सावली समोरच्या डोंगरावरून उतरली, ओढा ओलांडून माळावर चढली, माझ्या अंगावरून गार वाऱ्यासारखी गेली आणि मागं निघून गेली. तिच्यामागून पळत जावंसं वाटलं. हे साधारण चार मिनिटं चाललं. दोन आठवड्यांच्या खटपटीतली ही माझी पहिली चार मिनिटं.

पाचव्या मिनिटाला अख्खी मोरजाईची वाडी पत्रावळी घेऊन माळावर आली.

त्या गावात पितरांचा घास ठेवायची जागा म्हणजे तो कडुलिंब. पिढ्यान् पिढ्या कावळे तिथंच येतात. बघता बघता माझ्या चारी बाजूंना चाळीस पानं मांडली गेली. वडे, खीर, आमटी, गवारीची भाजी. वर फांद्यांवर चाळीस कावळे बसले. कावळा शिवल्याशिवाय घरी कुणी जेवायचं नसतं. गाव लांब जाऊन उभं राहिलं आणि वाट बघायला लागलं. कावळा काही खाली येईना.

गावचे पाटील लालासाहेब माझ्याजवळ आले. "पाव्हणं कुठलं?"

"साताऱ्याचा."

"काय काम काढलंत?"

"काही नाही."

आमच्याकडे 'काय काम काढलंत' हा प्रश्न नसतो. परक्या माणसाला बसायला टाकलेलं ते घोंगडं असतं. 'काही नाही' म्हणणं म्हणजे ते घोंगडं पायानं उडवणं. पाटील मागं गेले.

अर्धा तास झाला. गावाची अशी समजूत झाली, की यंदा पितर रुसले आहेत. एकानं हात जोडून झाडाकडे बघत हाक दिली, "आज्जा, बांधाचं मिटवतो! फुटभर माज्याकडनं घालवतो! पर ये!" कावळा आला नाही. दुसऱ्यानं डोळे पुसत सांगितलं, "तात्या, धाकट्याला हिरीचं पाणी देतो! आठवड्यातनं दोनदा देतो!" फांदीवर जरा हालचाल झाली, पण तेवढीच. "तीनदा देतो!" धाकटा भाऊ शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "आजून थांब तात्या, येऊ नगंस!"

शेवटी एका खणखणीत आवाजाची म्हातारी पुढे आली. ही दगडाबाई. तिची एक म्हैस होती आणि त्या दोघी दिवसभर त्या माळावरच असत.

"आरं, तुमचं आजं-पणजं न्हाई रुसलं," ती म्हणाली. "त्यो टोपीवाला उठंना म्हणून कावळा उतरंना."

सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. मी सांगितलं, की डॉक्टरांनी दोन तास सांगितलेत आणि अजून एक तास वीस मिनिटं बाकी आहेत.

"भाऊसाब," लालासाहेब पाटील हात जोडून म्हणाले, "आमी दोन तासच काय, दोन दिस उपाशी ऱ्हाऊ. पर ह्या म्हाताऱ्या माणसांकडं तरी बघा."

मी उठलो. दहा पावलंही गेलो नसेन, तोच चाळीसच्या चाळीस कावळे खाली आले. त्या दिवशी मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. मी निवडणुकीला उभा राहून पडलो नाही, मुलगी बघायला जाऊन नाकारला गेलो नाही; पण चाळीस कावळ्यांनी एकमतानं मला नापसंत केलं आहे.

मग पाटलांनी मला घरी ओढून नेलं आणि वड्यांवर वडे वाढले. जेवून मी त्यांच्या सोप्यात असा झोपलो, की उन्हं उतरली तेव्हा उठलो. तिसरा रविवार संपला होता. निघताना वेशीवर विहिरीचा तो थोरला भाऊ उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि थुंकला. पितरांपुढे दिलेला शब्द मागं घेता येत नाही. धाकट्या भावानं मात्र माझ्या सायकलच्या हँडलला भोपळा बांधून दिला.

आता एकच रविवार उरला. चोवीस तारीख. तपासणी बुधवारी. आवलकारकुनांनी अर्ज न वाचताच परत केला. "पितृपक्ष संपला, साबळे. आता तुमचे पूर्वज पुढल्या साली." परवानगीशिवाय गेलो आणि कळलं, तर उमेदवारी तिथंच संपणार. न जाऊन डोळे फुटके ठरले, तरी ती बुधवारी संपणारच. मी शनिवारी सायकलच्या चाकात हवा भरली.

रविवारी आठच्या आत मी माळावर होतो. या खेपेला सावध होतो. बसलो तर लांबून दिसतो, म्हणून गवतात आडवा झालो. कमरेपाशी तो उभा दगड आला. हा दगड म्हणजे दोन मुलखांची हद्द आहे. खाली खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख, आणि वर संस्थान, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझे पाय इंग्रजांकडे होते आणि डोकं संस्थानात.

डॉक्टरांनी हातात काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. पण मी कारकून आहे. नोंद न करता मी काही बघितलं, यावर माझाच विश्वास बसला नसता. खिशातली वही काढून मी वेळेसह जे दिसेल ते लिहीत होतो. तासाभरानं डोक्यावर सावली पडली. दगडाबाई आणि तिच्यामागं म्हैस.

"आज बी काय काम न्हाई व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो. साताऱ्याला आल्यापासून हा शब्द माझ्या तोंडून असा निघाला नव्हता.

"मग वर काय बघतुयास आभाळात? खाली बघ की. तितं लय मोठं काम चाललंय."

तिनं काठीनं दाखवलं. एक शेणकिडा. स्वतः करवंदाएवढा आणि लिंबाएवढी शेणाची गोळी. डोकं जमिनीला टेकवून, मागल्या पायांनी ती उताराविरुद्ध ढकलत होता. म्हणजे जिकडे चालला होता तिकडे त्याची पाठ होती. मी पालथा झालो, कोपरं टेकली, मान मागं दगडाच्या बाजूला वळवली आणि हनुवटी गवतात ठेवली. सात वर्षांचा असल्यापासून मी असा झोपलो नव्हतो. जमीन जवळून किती मोठी असते, हे मी विसरूनच गेलो होतो. मातीचं एवढंसं ढेकूळ म्हणजे त्याला घाट होता. तो चढला, निम्म्यावर गोळी सुटली, गडगडत खाली आली. तो खाली आला, गोळीभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा लागला. वहीत मी काही लिहिलं नाही. वही कुठं पडली तेही मला कळलं नाही.

ती कुठं पडली ते बुटांना कळलं. माझ्या दोन्ही बाजूंना बूट उभे होते. पायांकडून खालसाचे हवालदार शमशेर, डोक्याकडून संस्थानचा शिपाई नानासो. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात दिवसा एक सरकार असे आणि रात्री दुसरं, भूमिगतांचं, आणि दिवसाचं सरकार रात्रीच्या सरकारला शोधत हिंडे. अशा काळात हद्दीवर, गवतात, टोपी घातलेला माणूस पालथा सापडला होता, आणि त्याच्याजवळ वही होती.

हवालदारांनी वही उघडून मोठ्यानं वाचली. "'आठ वाजून दहा मिनिटं, पूर्वेकडून घोडा. आठ पंधरा, घोडा नाही, हत्ती. आठ वीस, हत्तीचे दोन तुकडे. आठ पंचवीस, झुडपात सातजण, मोठ्यानं भांडत आहेत.' हे सातजण कोण?"

"सातभाई. पक्षी आहेत."

"नावं सांगा."

"हवालदारसाहेब, घोडा आणि हत्ती हे ढग होते."

"ढगांची नोंद कोण करतं? नाव काय तुमचं? कुठल्या कचेरीत?"

नाव गेलं की कचेरी गेली, कचेरी गेली की पाय भिजेपर्यंत ऊस. एवढ्यात नानासो शिपाई मध्ये पडला. "थांबा हवालदार. धड आमच्याकडं हाय. मानूस आमचा."

"पाय आमच्याकडं हायत!"

"पाय घिऊन जावा की मग. तोंड आमच्याकडं हाय, जबाब आमी घेनार."

हे असं चाललं असताना गोळी त्या हद्दीच्या दगडापाशी येऊन पोचली आणि हवालदारांचा बूट बरोबर तिच्यापुढे आला.

"शू!" मी म्हणालो. "हवालदार, पाय उचला."

उमेदवारानं हवालदाराला 'शू' म्हटल्याचं उदाहरण दप्तरात नाही. शमशेर हवालदार इतके चकित झाले, की त्यांनी पाय उचलला. मग तो तसाच अधांतरी धरून खाली वाकले. "काय हाय?"

"माल निघालाय," दगडाबाई म्हणाली.

नानासो गुडघ्यावर बसला. "खालसातनं संस्थानात? परवाना?"

"शेणाला परवाना लागतोय काय रं?" हवालदार म्हणाले. पण लढाईचे दिवस होते. त्यांनाही खात्री नव्हती. "सर्क्युलर बघावं लागंल."

गोळी दगडाला थटली. किड्यानं जोर लावला, गोळी कलली आणि घरंगळत वीतभर मागं आली.

"हात्तिच्या!" दोन्ही सरकारं एकदम म्हणाली.

दुसऱ्या खेपेला नीट दिसेना म्हणून नानासो आडवा झाला. तिसऱ्या खेपेला हवालदारांनी पट्टा सैल केला आणि तेही झोपले. कुणाला तरी पकडलंय असं ऐकून लालासाहेब पाटील पळत आले आणि म्हणाले, "काय काम काढलंय?" दगडाबाईनं काठीनं गोळी दाखवली. पाटील थोडा वेळ उभे राहिले. मग फेटा सांभाळत तेही पालथे झाले.

पुढचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. गवतात वारा होता. म्हैस रवंथ करत होती. मध्येच शमशेर हवालदार जमिनीकडे बघतच म्हणाले, "आमच्या घरामागं असलं लय असायचं. शाळंला रोज उशीर. रोज छड्या खायचो."

"मग लवकर निघायचं," पाटील म्हणाले.

"गोळी बिळात गेल्याबिगर कसं निघनार?"

यावर सगळ्यांनी मान डोलावली. सातव्या की आठव्या खेपेला किडा थांबला. तो दगडाला वळसा घालून, इंग्रजी राज्य सोडून, संस्थानात शिरला. नानासोनं परवाना मागितला नाही. किड्यानं गोळीखालची माती उकरायला घेतली. गोळी हळूहळू खाली जायला लागली. निम्मी गेली. मग नुसता टवका दिसायला लागला. मग तोही नाही.

"गेला," दगडाबाई म्हणाली.

तरी कुणी उठलं नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा हवालदार उठून बसले. त्यांचा गणवेश गळ्यापासून गुडघ्यापर्यंत मातीनं भरला होता. नानासोच्या मिशीत कुसळं होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आपण सरकार आहोत हे त्यांना एकदम आठवलं.

"भाऊसाब," हवालदार घसा खाकरत म्हणाले, "ह्याचा रिपोर्ट कसा लिवायचा?"

मी बराच विचार केला. मला पकडलं म्हणून लिहावं, तर कुठं, कसं आणि दोन तास काय करत होता, हेही लिहावं लागणार. शेवटी माझं अक्षर बरं म्हणून मीच लिहून दिलं. 'आज रोजी मोरजाईच्या माळावर काहीही घडले नाही. माळावर कोणीही इसम नव्हता.' खाली सही केली. नसलेल्या इसमाची सही जबाबाखाली कशी आली, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

बुधवारी तपासणी झाली. भिंतीवर तक्ता होता. मोठी अक्षरं वाचली, मधली वाचली. शेवटच्या ओळीला मी थांबलो.

"दिसत नाही?" सरकारी डॉक्टर म्हणाले.

"दिसतं. पण साहेब, त्या ओळीच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक मुंगी आहे. तोंडात तिच्यापेक्षा मोठा साखरेचा कण आहे. तक्त्यामागं नेतेय."

डॉक्टर चष्मा लावून तक्त्यापाशी गेले. मग खुर्ची ओढून बसले. मुंगी तक्त्यामागं जाईपर्यंत आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्या कागदावर 'नजर उत्तम' असं लिहिलं. मी कायम झालो. आईनं गावात पेढे वाटले. आबांचं पत्र आलं, 'बरं झालं. उसात आता तुज्यासाठी जागा बी न्हवती.'

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण गेल्या आठवड्यात लालासाहेब पाटील कामानिमित्त कचेरीत आले आणि माझ्या कानाशी लागले. "भाऊसाब, कवा येतायसा? शमशेर हवालदार दर ऐतवारी येत्यात. नानासो बी येतोय. पर तुमच्याबिगर झोपायला लाजत्यात. आपलं नुसतंच हुबं ऱ्हाऊन दगडाकडं बघत्यात आन् जात्यात."

मी आवलकारकुनांकडे बघितलं. अकरा फूट. मग एक कोरा कागद घेतला आणि लिहायला सुरुवात केली. अर्जाची नक्कल खाली देत आहे.

मेहेरबान सरकार (खालसा) व मेहेरबान सरकार (संस्थान) यांचे सेवेशी. अर्जदार जोतीराम साबळे, नक्कल कारकून (कायम), विनंती करतो की, मौजे मोरजाईची वाडी येथील माळावर दरसाल भाद्रपद व आश्विन या दोन महिन्यांत दर रविवारी उभय सरकारांनी आपापला एक जबाबदार अंमलदार दोन तास पालथे पडण्याच्या कामी नेमावा. अंमलदाराने सोबत वही आणू नये. काय पाहिले याबाबत अहवाल मागवू नये. अंमलदार एकटे असता संकोचतात असे अनुभवास आले असल्याने, अर्जदारास प्रथम पालथे पडण्यासाठी हजर राहण्याचा कायम हुकूम व्हावा. सदर कामी लागणारे ताजे शेण दगडाबाई यांच्या म्हशीकडून वेळचे वेळी मिळेल, असे बाईंनी तोंडी कबूल केले आहे.